हिरव्यावर उभा

दंडाचं दुसरं चलन आलं तेव्हा गोकुळदास वाहतूक पोलिसांच्या कार्यालयात जाऊन उभा राहिला. डिचोलीच्या नाक्यावर नवा सिग्नल बसला होता आणि वर कॅमेरा. स्कूटर चालवताना मोबाईलवर बोलत होता, असा गुन्हा लावला होता.

"माझ्याकडे मोबायलच नाय गे बाय," तो म्हणाला.

उपनिरीक्षक संजना यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. फोटोत हेल्मेट होतं, मागे भाजीची पाटी होती आणि डावा हात कानावर होता.

"मग हो हात कानाक कित्याक, काका?"

"राखणदाराक."

नाक्याला लागूनच राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची, घुमटी आहे. तिच्यासमोरून जाताना कपाळाला हात लावायचा आणि न थांबता गेल्याबद्दल कान धरायचा, ही तिथली रीत. बायको देवकी होती तोवर गोकुळदासने हे कधी केलं नव्हतं. ती मागे बसायची आणि दोघांच्या वतीने हात जोडायची. आता मागे पाटी असते.

"आणखी एक चलन आलं तर परवाना निलंबित होईल," संजना म्हणाल्या. "कान धरू नका."

परवाना गेला तर मुळगावची भाजी डिचोलीच्या बाजारात पोचणार कशी? बसवाले पाटी घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी गोकुळदासने दोन्ही हात हँडलवर घट्ट धरले आणि नाका ओलांडला. मग दिवसभर त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. वांगी मागणाऱ्याला त्याने भेंडी दिली. शेवटी दुपारी पाटी शेजारणीवर सोपवून तो चालत नाक्यावर गेला आणि कान धरून आला.

असे चलनवाले गावात बरेच निघाले. बसचालक बाबली होता, शिक्षिका सुविधा होत्या. सिग्नलसाठी अर्ज करणारे नगरसेवक भिकाजी यांनाही सोडलं नव्हतं.

"सिग्नल आम्ही हाडलो आणि चलन आमकाच?" भिकाजी कार्यालयात येऊन म्हणाले. "कॅमेरो हलव गे."

"वरून हुकूम आल्याशिवाय हलत नाही."

"मग घुमटी हलवूया," मागून कोणीतरी म्हणालं. ते कोण म्हणालं, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

शेवटी राखणदारालाच विचारायचं ठरलं. कौल घ्यायला गुरवाने देवाच्या पाषाणाला डावी-उजवीकडे फुलांच्या पाकळ्या लावल्या. भिकाजींनी गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, लेकरांचो हात ऱ्हवत नाय आणि कॅमेऱ्याक कळत नाय. हेच्या फुडे तांबड्यार गाडी थांबली काय हात जोडतले, चालत्या गाडीर नाय. मान्य आसात तर उजवी दी."

उजवी पाकळी पडली. संजना यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी तांबड्या दिव्यावर सगळ्या गाड्या रेषेच्या मागे थांबल्या. हात जोडले गेले. गावात असं आधी कधी घडलं नव्हतं. अडचण हिरव्याची झाली. हिरव्यावर गेलं तर नमस्कार राहतो. त्यामुळे हिरवा दिसला की लोक गाडी हळू करायचे आणि तांबड्याची वाट बघायचे. बाबलीने तर भरलेली बस रस्त्याच्या मधोमध उभी केली.

"चल रे, हिरवो पडलो!" प्रवासी ओरडले.

"नमस्कार न करता जाऊ? उद्या ब्रेक फेल जालो तर तू धरतलस?"

रांग बाजारापर्यंत गेली. हिरव्यावर वाट अडवणं हाही गुन्हा आहे आणि तोही कॅमेऱ्याला कळतो.

गोकुळदास नाक्यावर आला तेव्हा हिरवा होता. तो वळला, बाजाराला फेरी मारून आला. पुन्हा हिरवा. आणखी एक फेरी, तरीही हिरवाच. उन्हाने पाटीतली पालेभाजी मान टाकू लागली. या खेपेला तो सरळ रेषेवर थांबला. मागे बाबलीची बस.

संजना शिट्टी वाजवत आल्या. "काका, चला. हिरव्यावर उभे राहिलात तर तिसरं चलन."

"आणि तसोच गेलो तर?"

"तर काय? बाजारात पोचाल."

"देवकी रोज माझ्या वाटणीचा हात जोडी. आता तिच्या वाटणीचा मी नाय जोडलंय तर तिका काय सांगू?"

संजना यांनी एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग खांबावरची पेटी उघडली आणि बटण दाबलं. तांबडा पडला.

मागे इंजिनं बंद झाली. गोकुळदासने डोळे मिटून हात जोडले. उघडले तरी तांबडाच. त्याने भाजीकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, पुन्हा भाजीकडे पाहिलं.

"बाय, जाला माझा. सोड आता."

"वेळ भरल्याशिवाय तो सोडत नाही."

"कोण, राखणदार?"

"सिग्नल."

मागून बाबलीने हॉर्न दाबला. गोकुळदास सीटवरच मागे वळला.

"वाजवतस कित्याक? तांबडो दिसत नाय तुका?"