वज्रबाहूची हरकत

रविवारच्या डावात चिलखतासकट पुन्हा एकदा भाजून निघाल्यावर वज्रबाहू नकाशावरून उठला, भडंगाच्या ताटलीला वळसा घालून टेबलाच्या कडेशी आला आणि त्याने रीतसर हरकत नोंदवली. उंचीने बोटाच्या पेराएवढा, पण आवाज खणखणीत.

"तप्तलोह हा मंत्र फक्त माझ्यावर चालतो," तो म्हणाला. "सुनावणी हवी."

हा खेळ सांगलीत हेरंब डिग्रजकरच्या घरी चालायचा. हेरंब सूत्रधार. गोष्ट तो सांगणार, राक्षस तो आणणार, मंत्रही त्याचेच. बाकीच्यांनी आपापलं एकेक पात्र घडवायचं आणि फासे टाकून लढायचं. वज्रबाहू हे निवेदिता आवटीचं पात्र. दोन वर्षं खपून तिने त्याला नखशिखान्त लोखंडात मढवलं होतं. दुसरी कुठली कला म्हणाल, तर नाव नको. पुढे उभं राहायचं आणि मार झेलायचा. आणि हेरंबने मंत्र काढला तो नेमका लोखंड तापवणारा. अख्ख्या टोळीत लोखंड घालणारा हा एकटाच, हा निव्वळ योगायोग हो!

"मंत्र सगळ्यांना सारखा आहे," हेरंब म्हणाला. "जो लोखंड घालेल तो भाजेल. यात कुणाचं नाव घेतलंय का?"

"छे! नाव कुठंय?" श्रीरंग शिराळकर म्हणाला. त्याचा जादूगार सुती झग्यात असायचा. "मला तर या मंत्राचा कधी त्रास झालेला नाही."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. म्हणूनच असेल, न्यायनिवाड्याला ज्याचं काही जळत नाही असाच माणूस शोधतात. हितसंबंध नाहीत म्हणून श्रीरंगलाच पंच नेमलं. निवेदिताने तोंड उघडलं, तर "तू पक्षकार आहेस गं," म्हणून तिला गप्प केलं.

श्रीरंगने मूठभर भडंग तोंडात टाकून खोल विचार केला. "चिलखत काढून का नाही लढत?"

"मग मी कोण उरतो?" वज्रबाहूने विचारलं.

हा प्रश्न सुनावणीच्या कक्षेबाहेरचा ठरला. निकाल असा लागला की मंत्र कायम. मात्र माणुसकीच्या नात्याने वज्रबाहूला लिंबूटिंबू करण्यात येत आहे. तो डावात असेल, पण धरला जाणार नाही. त्याला काही लागणार नाही आणि त्याने केलेलं काही मोजलं जाणार नाही.

लहानपणी कॉलनीत सगळ्यांत धाकटी म्हणून निवेदिताही लिंबूटिंबू असायची. लपाछपीत एकदा पाण्याच्या टाकीमागे लपली, तर डाव मोडून सगळे जेवायला गेले तरी तिला शोधायला कुणी आलं नाही. "अरे, दोन वर्षं हा तुमच्या पुढ्यात उभा राहून मार खातोय," ती म्हणाली, "आणि आता याला लिंबूटिंबू? जनाची नाही, निदान मनाची तरी!"

"भाजण्यापेक्षा बरंच की," श्रीरंग म्हणाला.

वज्रबाहूने मात्र एवढंच विचारलं, "हा निकाल आता येणाऱ्या ड्रॅगनलाही लागू?"

"अर्थात," हेरंब म्हणाला. "नियम सगळ्यांना सारखा."

"मान्य," वज्रबाहू म्हणाला आणि आपल्या चौकोनात जाऊन उभा राहिला.

ड्रॅगन आला. श्रीरंगचा जादूगार सवयीने धावत येऊन वज्रबाहूच्या पाठीमागे दडला. पण लिंबूटिंबूला जसं काही लागत नाही, तसं त्याने अडवलेलंही मोजत नाहीत. पुढ्यात कुणीच नसल्यासारखी ड्रॅगनने आग ओकली आणि झगा भपकन पेटला. हेरंबच्या आईने लगबगीने येऊन ओला फडका फिरवला. "टेबलक्लॉथ नवा आहे रे मेल्यांनो," असं बजावून ती आत गेली.

धूर निवल्यावर जादूगार टेबलाच्या कडेशी आला. झग्याची एक बाही तेवढी उरली होती. "ही आग फक्त सुती कापडावर चालते," तो म्हणाला. "हरकत."

आता पंच कोण? श्रीरंग पक्षकार, हेरंब आगीचा मालक, आणि निवेदिता केव्हाची हसतेय. आगीशी काडीचा संबंध नाही असा एकच जण होता.

वज्रबाहू ताटलीच्या काठावर बसला. जादूगाराचं सगळं म्हणणं त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मला तर या आगीचा कधी त्रास झालेला नाही," तो म्हणाला. "झगा काढून का नाही लढत?"

"मग मी कोण उरतो?" जादूगाराचा आवाज रडवेला झाला.

वज्रबाहू थोडा सरकला आणि त्याने काठावर शेजारी जागा करून दिली.

"लिंबूटिंबू," तो म्हणाला. "बस."