चुन्याच्या रेषा

"जमिनीवर जे दिसतं तेच नकाशात येतं. त्याला मी काय करू?" मोजणीभाऊंनी पुन्हा एकदा सांगितलं, आणि बायकोने चहाचा कप त्यांच्यापुढे असा आपटला की अर्धा चहा बशीत गेला आणि उरलेला टेबलावर पसरलेल्या देशाच्या नकाशावर.

भांडण होतं गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेवरून. बायको, दातांची डॉक्टरीण, बँकवाली आणि शिवणवाली, अशा चौघी रोज सकाळी तिथे बॅडमिंटन खेळायच्या. मोजणीभाऊंच्या आई उंच स्टुलावर बसून पंचगिरी करायच्या. जागा कोणाचीच नव्हती, म्हणजे नगरपालिकेची होती. आणि आता ती एका पार्किंगवाल्याला भाड्याने जाणार, अशी पक्की बातमी होती.

"अख्ख्या देशाची जमीन संगणकात घालताय आणि बायकोचं एवढंसं कोर्ट वाचवता येत नाही?"

"अगं, मी नुसता नकाशा काढतो. जागा वाटत नाही."

"मग उपयोग काय तुमचा?"

यावर मोजणीभाऊंनी बशीतला चहा कपात ओतला. लग्नाला बरीच वर्षं झाली की माणसाला अशी कामं पटापट सुचतात.

खरं तर मोजणीभाऊ म्हणजे भूमापन कार्यालयातली बडी असामी. देशातली झाडून सगळी घरं, अंगणं, शेतं एका संगणकात आणायची आणि कोणती जागा कोणाची हे एका बोटावर दिसायला हवं, असं ते काम होतं. नमुना म्हणून त्यांचीच गल्ली निवडलेली. रविवारी ड्रोन उडणार, शुक्रवारी मोठे साहेब पाहुण्यांना नकाशा दाखवणार. गल्लीसाठीचं सूचनापत्रक मोजणीभाऊंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: प्रत्येकाने आपल्या जागेची हद्द चुन्याने ठळक आखावी. ड्रोन उडताना मोबाईल खिशात ठेवून आपापल्या जागेत उभं राहावं. ज्या चौकटीत ज्याचा मोबाईल, ती चौकट त्याच्या नावावर तात्पुरती चढेल. ना रांग, ना कारकून, ना हेलपाटे! त्या शेवटच्या वाक्यावर ते इतके खूश होते की त्यांनी ते आरशासमोर उभं राहून वाचलं होतं.

रविवार उजाडला. गल्लीतले सगळे नवरे आपापल्या दारात ताठ उभे राहिले. मोजणीभाऊ गळ्यात शिट्टी अडकवून आभाळाकडे बघत फिरत होते. आभाळाकडे बघणाऱ्याला जमिनीवरचं दिसत नाही, हा साधा नियम ते विसरले.

जमिनीवर काय चाललं होतं? नवरे दारात उभे आहेत म्हटल्यावर चौघी नेहमीसारख्या खेळायला गेल्या होत्या. कोर्टाच्या रेषा पुसट झालेल्या. इतक्यात आईंना चुन्याचं उरलेलं पोतं सापडलं.

"आई, रेषा जरा बारीक ओढा हं," सून म्हणाली.

"बारीक कशाला? ठळक दिसल्या म्हणजे तुम्ही पोरी खोटं बोलणार नाही."

आईंचा हात मुळातच सढळ. रेषा कसल्या, पायवाटाच झाल्या त्या. पोतं झटकून, पिशवीत मोबाईल आणि हातात पिशवी अशा त्या रेषेवर स्टूल टाकून बसल्या. वरून ड्रोन गेला. खिशात मोबाईल घेऊन आपापल्या चौकटीत उभ्या असलेल्या चौघींनी त्याला हात केले.

मंगळवारी दुपारी मोजणीभाऊ डबा उघडत होते, तेवढ्यात बायकोचा फोन.

"अहो, मी भूखंडधारक झाले!"

"काय झालीस?"

"भूखंडधारक. मेसेज आलाय, 'अभिनंदन' म्हणून. डॉक्टरीणबाईंनाही आलाय. सगळ्यांनाच आलाय!"

मोजणीभाऊंनी डबा तसाच टाकून संगणक उघडला. गल्लीच्या टोकाला, जिथे एक मोकळा चौकोन असायला हवा होता, तिथे चार सुबक भूखंड होते आणि चारही भूखंडांवर चार बायकांची नावं. बरं, भूखंडांच्या चहूबाजूंनी आणि मधूनही एक अरुंद पांढरी जागा वळसे घेत गेली होती. तो पाचवा भूखंड. धारक: आई.

त्यांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्याचा दोष असता तर ओरडता तरी आलं असतं.

संध्याकाळी ते कोर्टावर पोचले, तर तिथे वेगळंच महाभारत.

"बॅडमिंटनचं फूल माझ्या जागेत पडलं, म्हणजे फूल माझं," बँकवाली म्हणत होती.

"वा गं वा! पैसे मी दिलेत फुलाचे," शिवणवाली कडाडली.

"आणि तुम्ही माझ्या भूखंडावरून पळत गेलात, त्याचं काय?" डॉक्टरीण बोलली.

"थांबा!" आई स्टुलावरून गरजल्या. "चौघींनीही माझ्या रेषा तुडवल्यात. आधी मला विचारायचं. मग भांडायचं."

मोजणीभाऊंनी हात जोडले. "बायांनो, ही चूक आहे हो! शुक्रवारी साहेब हे सगळ्यांसमोर उघडणार. माझी बदली होईल जुन्या नकाशांच्या गोदामात. सगळ्यांनी संमती द्या, मी नोंदी रद्द करतो."

"संमती कशाला लागते?"

"शेजारच्या सगळ्या धारकांनी हो म्हटल्याशिवाय नोंद रद्द होत नाही. नियम आहे."

"कोणी केला?"

मोजणीभाऊ चपलेच्या अंगठ्याकडे बघू लागले.

"तुम्हीच ना?" बायको हसली. "मग बरंय. पार्किंग रद्द होऊ दे, आम्ही लगेच संमती देतो."

शुक्रवारी सभागृह गच्च भरलं. पार्किंगवाला नवा कोट घालून पहिल्याच रांगेत. नव्या नकाशावरचा पहिला करार त्याचाच व्हायचा होता. शेजारी नगरपालिकेचे अधिकारी पेन उघडून तयार. मोजणीभाऊ खांबाआड उभे होते, आणि घाम तर नुसता निथळत होता.

साहेबांनी पडद्यावर गल्ली मोठी केली. घरांच्या हद्दी वाकड्यातिकड्या, काही अर्धवट. पण टोकाला ते चार भूखंड!

"अरे वा!" एक पाहुणे म्हणाले. "याला म्हणतात हद्द! कशी सुतासारखी सरळ!"

"अहो, पण ती माझी जागा आहे!" पार्किंगवाला उठलाच. "तिथे या बायका कुठून आल्या?"

साहेबांनी खांबाकडे पाहिलं. "मोजणीभाऊ, काय आहे हे?"

चूक म्हणावं तर नकाशाची आणि आपली अब्रू जाते, वर कोर्टही जातं. बरोबर म्हणावं तर... मोजणीभाऊंना बायकोचा चहा आठवला.

"साहेब," ते कसेबसे म्हणाले, "जमिनीवर जे दिसतं तेच नकाशात येतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी हळूच पेनला टोपण लावलं.

पार्किंगवाला चिवट होता. "मी त्यांच्याशी बोलून घेतो. या पांढऱ्या रस्त्याची मालकीण कोण? आजी? लावा फोन."

सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असा फोन लागला.

"आजी, तुमच्या जागेवरून गाड्या न्यायच्या आहेत. वाट द्याल का?"

"बूट कुठले घालता?"

"बूट? चामड्याचे."

"काढून या. माझ्या कोर्टावर चामड्याचे बूट चालत नाहीत. आणि गाड्यांचं म्हणाल, तर त्यांनाही रबरी तळव्याचे बूट घालून आणा."

सभागृह हसून हसून लोळलं. पार्किंगवाल्याने फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी तो दुसऱ्या पेठेत जागा बघायला गेला म्हणे.

साहेबांनी मोजणीभाऊंना बाजूला घेतलं. "आता हे गुपचूप नीट करा." केलं. ती जागा गल्लीचं क्रीडांगण म्हणून कायमची नोंदवायला नगरपालिका एका पायावर तयार झाली, कारण आजींना पुन्हा फोन करायची तिथे कोणाचीच छाती नव्हती. चौघींनी हसत हसत संमती दिल्या. आईंनीही मोबाईलवर अंगठा टेकवला. मोजणीभाऊंना इतका आनंद झाला की तो कशावर टेकवला हे त्यांनी वाचलंच नाही.

पुढच्या सकाळी शिवणवालीचा हात दुखत होता, म्हणून बायकोने त्यांनाच रॅकेट देऊन उभं केलं. मोजणीभाऊ धापा टाकत खेळले, आणि शेवटच्या गुणाला त्यांनी असा काही फटका मारला की फूल थेट मागच्या पांढऱ्या रेषेवर जाऊन पडलं.

"जिंकलो!" ते नाचायलाच लागले.

"बाहेर," आई स्टुलावरून म्हणाल्या.

"आई! रेषेवर पडलंय! रेषेवरचं आत धरतात, अख्ख्या जगाचा नियम आहे!"

"असेल जगाचा. नकाशा उघडून बघ."

मोजणीभाऊंनी खिशातून मोबाईल काढला. क्रीडांगण हिरवंगार दिसत होतं, गल्लीच्या नावावर. आणि त्यातून वळसे घेत गेलेली अरुंद पांढरी जागा होती तशीच होती.

"मैदान दिलं मी गल्लीला," आई म्हणाल्या. "रेषा नाही दिल्या. रेषेवरचं कुठे धरायचं ते मी ठरवणार. जा, फूल आण."

मोजणीभाऊ फूल आणायला गेले. रेषेपाशी थांबले, आईंकडे बघितलं आणि आईंनी होकाराची मान हलवल्यावरच पाय पुढे टाकला.