धीरोजींनी लावलेला पाणवठ्याचा अर्थ

एका जंगलात, बाळांनो, कायदा होता. हसू नका, खरंच होता. पाणवठ्यावर कुणी कुणाची शिकार करायची नाही, एवढाच. पाणी पिताना मान खाली घालावी लागते, आणि मान खाली घातलेल्याला मारू नये, असं पूर्वजांना वाटे. पूर्वज भोळे असतात.

त्या जंगलात धीरोजी नावाचं सांबर होतं. शिंगं उमदी, आवाज भारदस्त. पाणवठ्यावर ससा धरणाऱ्या लांडग्याला त्यांनी वेशीबाहेर घालवलं, तेव्हापासून त्यांचं नाव झालं. वाघमहाराजांनी त्यांना महावकील करायचं ठरवलं. महावकिलाला नेमतो राजा, पण तो वकील असतो साऱ्या जंगलाचा. हे सगळ्यांना पाठ होतं.

नेमणुकीआधी भरसभेत म्हाताऱ्या हत्तिणीनं विचारलं, "उद्या महाराजांनीच कायदा मोडला तर?"

"तर महाराजांनाही नाही म्हणेन!"

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात महाराजांनी वाजवल्या.

पुढच्याच उन्हाळ्यात महाराजांनी पाणवठ्यावरून एक पाडस उचललं. पाडसाची आई धीरोजींकडे धावत आली.

"वकीलसाहेब, तुम्ही आमचे ना? मग खटला घाला."

"कायदा आपलं काम करेल, बाई," असं म्हणून धीरोजी राजगुहेत गेले.

"कायद्यात बसतं का रे हे?" महाराजांनी दात कोरत विचारलं.

"बसवलं की बसतं, महाराज." धीरोजींनी घसा खाकरला. "पाणवठा म्हणजे जिथे जनावरं पाणी पितात ती जागा. आपण आलात की जनावरं पळतात. म्हणजे आपण असता तेव्हा तिथे पाणवठा नसतोच. नुसतं पाणी असतं."

महाराज खूश झाले. जंगलभर दवंडी पिटली गेली.

"मग माझं पाडस काय पीत होतं?" हरिणीनं विचारलं.

"पाणी," धीरोजी म्हणाले.

मला विचाराल तर त्या दिवशी त्यांना लाज वाटायला हवी होती. त्यांना अभिमान वाटला.

काही दिवसांनी महाराज म्हणाले, "ती हत्तीण फार प्रश्न विचारते. तिच्यावर खटला घाल."

"पुरावा लागेल, महाराज," धीरोजींच्या तोंडून जुन्या सवयीनं निघून गेलं.

"पुरावा असता तर महावकील कशाला लागला असता?" महाराज म्हणाले, आणि धीरोजींची महावकिली गेली.

धीरोजी पाणवठ्यावर गेले. मान खाली घातली. मागे पाचोळा वाजला. आजूबाजूची जनावरं पळाली.

"महाराज, हा पाणवठा आहे! मी पाणी पितोय!"

"कुठे पितोयस? तू तर बोलतोयस."

पलीकडच्या काठावर ती हरिणी पळता पळता थबकली होती. धीरोजी ओरडले, "बाई, पळू नका! एक घोट प्या! तुम्ही प्यायलात की हा पाणवठा होतो!"

हरिणीनं पाण्याकडे पाहिलं. मग धीरोजींकडे पाहिलं.

"मला तहान नाही, वकीलसाहेब," ती म्हणाली आणि निघून गेली.

माजी महावकिलांची तसबीर दरबारात लावायची जंगलात पद्धत होती. धीरोजींच्या वेळी चित्रकार लागला नाही. त्यांना शिंगांसकट भिंतीवर लावलं. भाषणात महाराजांचा कंठ दाटून आला, आणि मग त्यांनी ढेकर दिला.

तात्पर्य : कायदा राजा मोडत नाही, वकीलही मोडत नाही. हरणांना वेळेवर तहान लागत नाही, म्हणून तो मोडतो.