अर्धं जावळ

बाळूच्या डोक्यावर उजवीकडे मऊ, काळंभोर जावळ होतं आणि डावीकडे काहीच नव्हतं. गेल्या महिन्यात करमाळ्याला कमळाभवानीच्या देवळाबाहेर जोतिराम न्हाव्याचा वस्तरा अर्ध्यावर आला आणि मामाच्या मांडीवर बसलेल्या बाळूने असा टाहो फोडला, की जोतिरामने वस्तरा मिटून पेटीत ठेवला.

"ताई, लेकरू लई हलतंय. लागलं तर मी कुणाला तोंड दावू? पुढच्या बारीला झोपवून आणा."

तेव्हापासून बाळू टोपडं घालून होता. वर्षाच्या आत जावळ झालंच पाहिजे, असं देवयानीच्या सासूबाईंचं, म्हणजे बाळूच्या आजीचं, म्हणणं होतं, आणि वर्ष तर पुढच्या आठवड्यात भरत होतं.

अडचण झोपेची होती. पाळणा, अंगाई, बाबाचा खांदा, सगळं बाळूने नापास केलेलं. तो झोपायचा फक्त शेजारच्या श्रीमंतकाकांच्या रिक्षात. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून खडखडत एक फेरी झाली की त्याची मान कलायची. काका मागे न बघताच म्हणायचे, "गेला बघा." पण रिक्षातून करमाळा गाठायचं म्हणजे बाळू झोपला असता आणि बाकीचे आडवे झाले असते.

"रिक्षा कशाला? माझी गाडी आहे की!" सुबोधमामा म्हणाला. मामाचा दातांचा दवाखाना होता आणि नवी कोरी, लांबलचक गाडी होती. "आत बसल्यावर बाहेरचा आवाज म्हणून येत नाही. खड्डा आला तरी कळत नाही. पाळणा आहे पाळणा!"

"पाळण्यात तो झोपत नाही, दादा."

"माझ्या पाळण्यात झोपेल."

निघायच्या आदल्या रात्री मामाने जागून गाडीचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. सकाळी बाळूला मागे त्याच्या खुर्चीत पट्ट्याने बांधलं, शेजारी देवयानी बसली, पुढे तिचा नवरा अनीश. गाडी हलली. म्हणजे खिडकीबाहेर सोलापूर मागे जायला लागलं, म्हणून ती हलली असं म्हणायचं.

बाळूने इकडेतिकडे पाहिलं. ना खडखड, ना धडधड. त्याला फसवणूक झाल्यासारखं वाटलं असावं. मोहोळ यायच्या आत त्याने सूर लावला.

"खिडकी उघडू का जरा?" देवयानीने विचारलं.

"छे! मग ही शांतता कशाला विकत घेतली?"

त्या शांततेत बाळूचं रडणं फार स्वच्छ ऐकू येत होतं. टेंभुर्णीला रस्त्यावरचा डावा पांढरा पट्टा ओलांडला म्हणून स्टिअरिंग थरथरलं. मग पडद्यावर चहाच्या कपाचं चित्र आलं आणि टिंग वाजलं.

"हे काय?" अनीश म्हणाला.

"चालकाला झोप येतेय असं तिला वाटतंय. समोर कॅमेरा आहे ना, तो डोळे बघतो. माझे डोळे मुळातच बारीक. तिला अजून सवय नाही."

टिंग. पुन्हा कप.

"दाजी, बंद करा हो ते," मामा म्हणाला.

जेऊरच्या अलीकडे गाडीने आपण होऊन करकचून ब्रेक मारला. सगळे पट्ट्यात अडकून जागच्या जागी थांबले. समोर रस्ताभर मेंढ्या होत्या. त्या गाडीला चारी बाजूंनी घासून जाऊ लागल्या, तशी गाडी चारी बाजूंनी किंचाळू लागली. पोटच्या पोरासारखं एक कोकरू कडेवर घेतलेल्या मेंढपाळ केराबाईने काचेला तोंड लावलं.

"अवो, पोरगं वरडतंय का गाडी?"

"दोन्ही," अनीश म्हणाला. मग त्याने हळूच विचारलं, "सुबोधदादा, तुम्हाला मेंढ्या दिसल्या होत्या का?"

"दिसल्या की."

"कधी?"

"थांबल्यावर."

मामा स्वतःच उतरला. ज्या गाडीच्या स्टिअरिंगला त्याने आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता, ती अनीशच्या हाती देऊन तो मागे बाळूशेजारी बसला. देवयानी पुढे आली. मामाने पट्टा लावला, "मी जागाच आहे हं," म्हणाला आणि त्याचं डोकं बाळूच्या खुर्चीवर टेकलं.

आणि मामा घोरायला लागला.

साधं घोरणं नव्हतं ते. आधी खडखड, मग धडधड, मध्येच चढावर गियर बदलल्यासारखा एक आचका, आणि पुन्हा खडखड. बाहेरचा आवाज येत नसल्यामुळे त्यातला एक कणही वाया गेला नाही. बाळू रडायचा थांबला. त्याने मामाच्या मिशीकडे कौतुकाने पाहिलं. ओठ हलवले. देवयानीने श्वास रोखून मागे वळून पाहिलं, तेव्हा त्याची मान कलली होती आणि गालावरचा थेंब अजून वाळायचा होता.

"गेला बघा," ती पुटपुटली.

देवळापाशी गाडी थांबली, पण मामाला उठवायचं धाडस कुणी केलं नाही. देवयानीने बाळूला अलगद सोडवून झोपलेल्या मामाच्या मांडीवर ठेवलं. जोतिराम गाडीच्या दारातच गुडघे टेकून बसला.

"मामाला उठवायचं न्हाई?"

"अजिबात नाही. मांडी आहे ना, बास."

वस्तरा चालला. मामा घोरत होता, बाळू झोपला होता, आणि राहिलेलं जावळ गाडीच्या दुधी रंगाच्या सीटवर पसरत होतं.

सगळं उरकल्यावर मामाला जाग आली. त्याने मांडीवरचा तुळतुळीत गोटा पाहिला आणि त्याचा ऊर भरून आला.

"बघितलंस ना, देवू? शेवटी गाडीनंच झोपवला की नाही?"

देवयानी सीटवरचं जावळ वेचू लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने फोन केला. मागून बाळूचा आवाज येत होता.

"दादा, तासभर येतोस का? बाळू झोपत नाहीये."

"आलोच! गाडी काढतो."

"गाडी राहू दे, दादा. तू जेवून ये. पोटभर."