इंग्रजीतली गरीब गाय

मुलुंडच्या आमच्या चाळीत इंग्रजी कोण लिहितं असं विचारलंत, तर कुणीही लवू परबाच्या दाराकडे बोट दाखवलं असतं. पंख्यांच्या कारखान्यातला हा डिस्पॅच क्लार्क अख्ख्या चाळीच्या वतीने साहेबाच्या भाषेत भांडायचा. नळाला पाणी नाही म्हणून त्याने असा काही जबरी अर्ज लिहिला होता, की तो वाचणारा माणूस अजून डिक्शनरीतून बाहेर आला नसावा. कारण पाणी काही आलं नाही. पण लवूचा आत्मविश्वास नळावर अवलंबून नव्हता.

त्यामुळे १९८५ साली पुतणीच्या लग्नाचं पत्र लिहायची वेळ आली, तेव्हा लेखणी त्यानेच उचलली.

पुतणी म्हणजे थोरल्या भावाची, दशरथची, सुलक्षणा. अंधेरीला एका ऑफिसात टायपिस्ट. तिचा फोटो दोन ठिकाणांहून परत आलेला. एकांना रंग सावळा वाटला, दुसऱ्यांना बापाची गिरणी बंद पडलेली खटकली. तिसरं स्थळ विलेपार्ल्याच्या राण्यांचं. मुलगा विद्याधर पवईला, इंजिनिअरिंगच्या संस्थेत लॅबमध्ये होता. दहिसरच्या एका लग्नात सुलक्षणाने त्याला पंगतीत पाणी वाढताना पाहिलं होतं. त्याने आधी म्हाताऱ्यांना विचारलं, मग सुटाबुटातल्यांना. एवढ्यावर तिने काकूला सांगून टाकलं, "हा असेल तर मला चालेल." सुलक्षणा बोलायची मोजकंच, पण बोलली की एक घाव दोन तुकडे. तेव्हापासून दशरथचा जीव टांगणीला लागला होता.

मुलाचे वडील कुंडलिक राणे हे इंग्रजीचे निवृत्त मास्तर. मुलीचा स्वभाव कसा आहे ते कळवावं, असं त्यांनी इंग्रजीतच लिहून विचारलं होतं. दशरथ म्हणाला, मराठीत लिही दोन ओळी. लवूला ते पटलं नाही. मास्तरांना मराठीत उत्तर दिलं तर आपण अडाणी ठरू, हे त्याने दादाला समजावलं.

आता आपल्याकडे मुलीची स्तुती करायची तर गरीब गाय म्हणण्याच्या पुढे कोण जातं? लवूने ती स्तुती शब्दाला शब्द लावून पार्ल्याला पोचवली. 'आवर गर्ल इज अ पुअर काउ.' एवढंसंच बरं दिसेना, म्हणून खाली भर घातली. 'टाय हर टू एनी पोल, शी विल स्टँड.'

आठ दिवसांनी उत्तर आलं. उत्तर कसलं, लवूचंच पत्र तपासून परत आलं होतं. मास्तरांचा हात तो, लाल शाईशिवाय चालायचा नाही. 'काउ'खाली दोन रेघा, आणि समासात शेरा: बाईमाणसाला उद्देशून हा शब्द इंग्रजीत शिवी आहे, खुलासा करावा. तळाला, अक्षर गचाळ. दहापैकी साडेतीन.

"वाट लागली," लवू म्हणाला.

दशरथने पत्राची घडी घातली. मग ते देवाजवळ ठेवलं, आणि ते पाहून लवूला भयंकर वाईट वाटलं.

दुसऱ्याच दिवशी घाटकोपर स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून त्याने एक जुनं पुस्तक आणलं. त्यात प्राण्यांची इंग्रजी नावं, पुढे शब्दशः अर्थ, त्यापुढे लाक्षणिक अर्थ. आठवडाभर लवू जेवताना वाचायचा, आणि वाचता वाचता बायकोकडे अशा नजरेने बघायचा, की सुगंधाने शेवटी ताट उचलून स्वयंपाकघरात जेवायला सुरुवात केली. इंग्रज घुबडाला शहाणं समजतात हे वाचून तर त्याचा घास हातातच राहिला. दीडशे वर्षं ज्यांचं राज्य होतं त्यांच्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं, असं त्याच्या ध्यानात आलं.

मग दुसरं पत्र. या वेळी अक्षराची भानगड नको, म्हणून कच्चा मसुदा सुलक्षणाच्या हाती दिला. ऑफिसात डब्याच्या सुट्टीत जसाच्या तसा टाइप करून तिथूनच पोस्टात टाक, एक अक्षर बदलू नकोस, अशी ताकीद दिली.

सुलक्षणाने वाचलं. घरात माउस. ऑफिसात बिझी बी. शहाणपणात आऊल. किचनमध्ये हॉर्स. खाणं बर्डचं, स्मरणशक्ती एलिफंटची.

"काका, ही मी?"

"लाक्षणिक अर्थाने."

तिने कागद पर्समध्ये ठेवला.

पाचव्या दिवशी पोस्टकार्ड आलं, रविवारी येतो म्हणून. त्या आठवड्यात लवू गॅलरीतून असा चालायचा, जणू पार्ल्यापर्यंतचा मुलूख त्यानेच जिंकलाय.

रविवारी मास्तर, त्यांची बायको रत्नप्रभाबाई आणि विद्याधर आले. विद्याधरने सुलक्षणाला ऑफिसबद्दल विचारलं, तिने त्याला लॅबबद्दल. दोघं हसली. दशरथ दाराच्या चौकटीला धरून उभा होता. रत्नप्रभाबाईंनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि त्याला म्हणाल्या, "गायी आमच्या गावाक दोन आसत. माका बोलणारी सून होयी. माका पसंत आसा."

दशरथने तोंड फिरवून डोळे पुसले. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण लवूला राहवेना.

"मास्तर, दुसऱ्या पत्राला किती मार्क?"

मास्तरांनी खिशातून पत्र काढलं. "वरच्या मजकुराला दोन. ता. क.ला मात्र दहापैकी दहा."

"ता. क.? मी ता. क. लिहिलेलाच नाही."

मास्तरांनी कागद पुढे धरला. इंग्रजी टायपिंगच्या खाली निळ्या शाईत, वळणदार मराठीत लिहिलं होतं: 'ता. क. वरील सर्व प्राणी काकांचे आहेत. मी माणूस आहे. खात्री करायची असल्यास रविवारी यावे. सुलक्षणा.'

सुलक्षणा कपबश्या गोळा करण्यात गुंतली होती.

पाहुणे गेल्यावर चाळभर पेढे वाटले गेले. लवू खाटेवर बसून पुस्तक चाळत होता. पान शोधून तो तिथेच अडकला, तेव्हा सुगंधाने मागून डोकावून पाहिलं.

'डाँकी. शब्दशः अर्थ: गाढव. लाक्षणिक अर्थ: गाढव.'

"हा बघा," ती म्हणाली, "एक तरी तुम्हाला दोन्ही भाषांत जमला."