मालक कोण?

इजिप्तमधल्या दमिएत्ता शहराच्या सुतारआळीत मेतवल्लींचा फर्निचरचा कारखाना होता, आणि त्या सकाळी कारखान्याच्या मधोमध एक तपकिरी पलंग उभा होता. तो सोनेरी असायला हवा होता. गुरुवारी ज्या मुलीचं लग्न होतं तिच्या बापाने सोनेरी मुलामा सांगितला होता. मुलामा झाला होता, पण शेजारच्या कॉफीवाल्याच्या बाकड्यांना.

"शहाता!" मेतवल्ली ओरडले. "हे काय करून ठेवलंस?"

शहाता त्यांचा पॉलिशवाला. मुलाम्याचं काम सगळ्या आळीत त्याच्याइतकं सुबक कुणाचं नव्हतं. तो शांतपणे म्हणाला, "तुम्हीच फोनवर सांगितलंत, उस्ताद. पलंग तपकिरी, बाकडी सोनेरी."

"मी उलट सांगितलं!"

"करवत चालू होती. मला सुलट ऐकू आलं."

"चालता हो! पुन्हा तोंड दाखवू नकोस!"

शहाता चालता झाला. तासाभराने राग उतरला तेव्हा मेतवल्लींच्या लक्षात आलं, की लग्न तोंडावर आलंय आणि पलंग सोनेरी करणारा एकमेव माणूस आपण हाकलून दिलाय. त्यातच चहावाला सांगत आला, की शहाता थेट कामगार कार्यालयात गेलाय. मेतवल्ली घाबरून वकिलाकडे धावले.

वकील रिफात सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"लेखी काढलंत की तोंडी?"

"तोंडी. म्हणजे ओरडून."

"मग काढलंच नाही म्हणा. तो कामावर आहे, फक्त गैरहजर आहे."

"वा! मग बोलावतो त्याला."

"खुळे आहात का? बोलावलंत म्हणजे काढलं होतं हे कबूल केल्यासारखं."

"मग नाही बोलावत."

"नाही बोलावलंत, तर त्याला काम नाकारलं असं तो म्हणेल."

"मग मी करू तरी काय?"

"काहीच करू नका," वकील म्हणाले. "पण ते फार विचारपूर्वक करा."

मेतवल्ली बाहेर पडले तेव्हा आपण शहाताला काढलंय की ठेवलंय, हे त्यांचं त्यांनाच कळेना. वाटेत शहाताच समोरून आला. मेतवल्लींनी सवयीने हात वर केला, मग वकिलांची आठवण होऊन त्याच हाताने डोकं खाजवलं. शहातानेही ओळख दाखवली नाही. त्यालाही कुणीतरी काहीतरी शिकवलेलं असणार.

दुसऱ्या दिवशी कामगार कार्यालयातून दोघांना बोलावणं आलं. सुहैरबाई नावाच्या अधिकारी होत्या, चष्म्यावरून बघायच्या.

"कारखान्याचा मालक कोण?"

"मी," मेतवल्ली म्हणाले.

"परवान्यावर तर इनायात नाव आहे."

"ती माझी बायको. मी तेव्हा सरकारी शाळेत मास्तर होतो. मास्तरला धंदा करता येत नव्हता, म्हणून तिचं नाव घातलं. पुढे शाळा सोडली आणि नाव बदलायचं राहून गेलं."

"म्हणजे तुम्ही मालक नाही. मग ह्यांना कामावरून काढणारे तुम्ही कोण?"

मेतवल्लींचा चेहरा एकदम उजळला. "कुणीच नाही! शहाता, ऐकलंस? मी कुणीच नाही! चल, पलंगाला लाग!"

"थांबा. तुम्ही तिथे रोज काम करता?"

"सकाळपासून रात्रीपर्यंत!" मेतवल्ली अभिमानाने म्हणाले.

"करार? विमा?"

"माझा? मी नवरा आहे, बाई."

"नवरा हे कायद्यात पद नाही. मालकिणीला बोलवा."

नवऱ्याला अटक झाली असं समजून इनायात कणकेच्या हातांनीच धावत आली.

"सोडा हो त्यांना! स्वभावाने तापट आहेत, पण चोर नाहीत."

"कारखाना तुमचा ना?"

"कुठला कारखाना?"

सुहैरबाईंनी सगळं समजावून सांगितलं. इनायातने सगळं नीट ऐकून घेतलं. मग तिने हात पुसले, खुर्ची ओढली आणि बसली.

"म्हणजे इतकी वर्षं स्वयंपाकघराला साधं कपाट मागितलं, तर 'कारखान्यात तुझं काय काम' म्हणायचे, तो कारखाना माझाच?"

"अगं, ते नुसतं नावापुरतं..."

"मेतवल्ली," ती म्हणाली. लग्नानंतर तिने प्रथमच त्यांना नावाने हाक मारली होती. "मालकीण बोलतेय."

मग ती शहाताकडे वळली.

"शहाता, तुला कुणी काढलेलं नाही. पलंग आजच्या आज सोनेरी कर."

"हो, मालकीणबाई." शहाता दारापर्यंत गेला आणि घुटमळून परत आला. "एक सांगू? उस्तादांना कधी सुट्टी मिळालेली मी पाहिली नाही. आम्हाला मिळते. तेवढं बघा."

काल ज्याला हाकललं, तोच आज आपली बाजू मांडतोय हे बघून मेतवल्ली त्याच्याजवळ गेले. "पोरा, करवत चालू असताना मी फोन करायला नको होता," ते पुटपुटले.

गुरुवारी पलंग सोन्यासारखा झळकत, ढोलताशांच्या गजरात नवरीच्या घरी गेला. सोनेरी बाकड्यांवर बसायला कॉफीवाल्याकडे इतकी गर्दी होऊ लागली, की त्याने ती पुन्हा तपकिरी करून घ्यायला साफ नकार दिला.

पुढच्या आठवड्यात सुहैरबाई तपासणीला कारखान्यात आल्या. मेतवल्लींचा करार झाला होता, विमा झाला होता. इनायात टेबलामागे बसून कपाटाची मापं सांगत होती. बाईंनी मेतवल्लींना कोपऱ्यात घेतलं.

"मोकळेपणाने सांगा. मालकिणीबद्दल काही तक्रार?"

मेतवल्लींनी टेबलाकडे पाहिलं. इनायातही त्यांच्याकडेच बघत होती.

"तक्रार नाही," ते घाईने म्हणाले. "फक्त ती शुक्रवारची सुट्टी..."

"मंजूर!" इनायात तिथूनच म्हणाली. "शुक्रवारी आपण दिवसभर माझ्या आईकडे जातोय. तिचं माळ्यावरचं सामान उतरवायचंय."

मेतवल्ली सुहैरबाईंच्या आणखी जवळ सरकले आणि हळूच म्हणाले,

"बाई, हे जादा कामात धरतात का हो?"