कुंडीचा पट्टा

त्या कुंडीत मी मनी प्लांट लावला तो निव्वळ बागकामाच्या आवडीपोटी, असं मी बायकोला सांगितलं आहे. तुम्हाला खरं सांगतो, मी जळत होतो.

बायको मातीची भांडी करते. मागच्या खोलीत चाक, गच्चीवर भट्टी, आणि घरभर तिच्या बोटांचे मातकट ठसे (माझ्या ऑफिसच्या फायलींवरसुद्धा). चहाचे मग आणि वाडगे चालले होते तोवर संसार सुखाचा होता. मध्येच हा डिझायनर उगवला. कोरलेली दाढी, पिवळ्या काड्यांचा चष्मा, पोट नावालाही नाही. मोठ्या ऑफिसांच्या लॉबीत ठेवायला शिल्पासारख्या कुंड्या दोघांनी मिळून करायच्या, असा त्याचा बेत. तेव्हापासून घरात ‘फॉर्म’ आणि ‘स्पेस’शिवाय विषय नाही. त्याला चहा तिने घडवलेल्या निळ्या कपात, मला कान तुटलेल्या कपात.

पहिली कुंडी झाली. कमरेएवढी उंच, सडपातळ, ताठ. (कोणावरून बेतली होती, ते मी बोलणार नाही.) तो म्हणाला, "हिला रोपाची गरजच नाही. ही स्वतःच पुरेशी आहे."

म्हणजे झाड नको असलेली कुंडी. आणि बायको मान डोलावत होती. माझ्या बोलण्यावर ती मान कधी इतकी डोलल्याचं मला आठवत नाही.

रविवारी संध्याकाळी तो कुंडी पसंत करायला येणार होता. पसंत पडली तर बायकोला आयुष्यातलं पहिलं मोठं काम मिळणार, नाहीतर पुन्हा तेच मग आणि वाडगे. ती केस धुवायला गेली (कुंडी बघायला येणाऱ्या माणसासाठी केस कशाला धुवायचे?) आणि मी डाव साधला. बाल्कनीतला मनी प्लांट मातीसकट उचलून कुंडीत बसवला आणि वर तांब्या तांब्याने पाणी ओतलं. कुंडी अजून भट्टीत गेली नव्हती, कच्चीच होती, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे बायकोने सांगितलं असणार. पण त्या वाक्यात डिझायनर असणार, म्हणून मी ऐकलं नसणार.

कुंडी पाणी प्यायली आणि खाली बसू लागली. आधी खांदे पडले, मग पोट सुटलं. मी घाबरून कमरेचा पट्टा काढला, तिच्या पोटाखाली आवळून बांधला आणि दोन्ही हातांनी तिला मिठी मारून उभा राहिलो. पोट पट्ट्यावरून ओघळतच राहिलं. तेवढ्यात बेल वाजली.

बायकोने ओल्या केसांनी दार उघडलं. दोघं आत आले आणि थबकले.

"हे काय केलंत?" बायकोचा आवाज रडवेला झाला होता. तो ऐकून मला पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली.

"पाणी घातलं," मी म्हणालो.

डिझायनर कुंडीभोवती फिरला. "थांबा. हात लावू नका. थकलेला माणूस. खांदे पडलेले, पोट पट्ट्याबाहेर, डोक्यावर चार पानं उरलेली. किती खरं आहे हे. मॉडेल कुठे मिळालं तुम्हाला?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी एका हाताने पँट धरून उभा होतो.

"घरचंच आहे," ती म्हणाली.

काम मिळालं. तशा कुंड्यांची रांगच तिने घडवली, आणि त्यातली एक नेमकी आमच्या ऑफिसच्या लॉबीत आली. माझ्यासाठी बायको कधी ऑफिसात फिरकली नाही. आता दर आठवड्याला येते. मऊ फडक्याने कुंडीचं पोट पुसते, पानं सारखी करते, दोन पावलं मागे सरकून तिच्याकडे कौतुकाने बघते आणि म्हणते, "किती छान बसलायस रे."

डिझायनरवर मी आता जळत नाही. संध्याकाळी घरी येऊन अगदी त्या कुंडीसारखाच सोफ्यावर बसतो आणि वाट बघतो.

"अहो," बायको म्हणते, "जरा सरळ बसा की. किती वाईट दिसतं."